तुमचं अ‍ॅप ‘लाइव्ह’ कोण करतं? जेन्किन्स, मोफत ऑटोमेशन आणि दुकानदाराने विचारायचे सहा प्रश्न



तुमच्या गल्ल्याची चावी कोणाकडे आहे, हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. गोडाऊनची दुसरी किल्ली कोणाच्या खिशात असते, तेही सांगाल. आता मला हे सांगा: तुमच्या ऑर्डर घेणाऱ्या वेबसाइटमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये आज दुपारी बदल करून तो थेट ग्राहकासमोर कोण ठेवू शकतं?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. “ते आमचा डेव्हलपर बघतो.”

बघू दे की! त्याचं कामच आहे ते. पण कसा बघतो? लॅपटॉपवर फाइल बदलतो, होस्टिंगच्या पॅनलमध्ये जाऊन जुन्या फाइलवर नवीन टाकतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज करतो, “दादा, अपडेट टाकलंय, एकदा चेक करा.” म्हणजे तपासायचं काम तुमच्याकडे आलं, आणि ते माल ग्राहकाच्या हातात गेल्यावर.

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जेन्किन्स या मोफत टूलची ओळख करून घेतली. वीस मिनिटांत जे राहून गेलं ते इथे लिहितोय. मी बीबीए केलेला दुकानदार आहे, प्रोग्रामर नाही. त्यामुळे कोड कसा लिहायचा हे इथे मिळणार नाही. तुमच्या पैशातून बनलेलं सॉफ्टवेअर ग्राहकापर्यंत कोणत्या रस्त्याने जातं, तो रस्ता कसा असावा आणि तो कोणाच्या नावावर असावा, एवढंच समजून घ्यायचं आहे.

चलन जुळवल्याशिवाय माल शेल्फवर नाही

दुकानात माल आला की आपण काय करतो? चलन हातात घेतो, नग मोजतो, एमआरपी आणि एक्स्पायरी बघतो, फुटलेलं बाजूला काढतो आणि मगच शेल्फवर लावतो. रोज आलेला माल रोज जुळवला तर पंधरा मिनिटांचं काम असतं. तीन महिन्यांची चलनं एकदम घेऊन बसलात, तर कोणता खोका कुठे कमी आला हे देवालाही सांगता येणार नाही.

सॉफ्टवेअरमध्ये अगदी हेच होतं. दोन-तीन जण वेगवेगळे भाग लिहितात. एक जण पेमेंटचा, दुसरा स्टॉकचा, तिसरा बिलाचा. महिनाभर आपापल्या लॅपटॉपवर काम करून शेवटच्या दिवशी सगळं जोडायला बसले की भांडण सुरू. “माझ्याकडे तर चालत होतं!”

यावर उपाय म्हणून जी पद्धत आली तिचं नाव कंटिन्युअस इंटिग्रेशन, थोडक्यात सीआय. म्हणजे छोटे छोटे बदल रोजच्या रोज एकत्र जोडायचे आणि प्रत्येक वेळी मशीनने तपासायचे. त्याची पुढची पायरी कंटिन्युअस डिलिव्हरी, म्हणजे सीडी. तपासून पास झालेला माल कधीही शेल्फवर लावता येईल अशा तयारीत ठेवायचा. लावायचा निर्णय माणसाने घ्यायचा, लावण्याचं काम मशीनने करायचं.

या दोन्ही गोष्टींच्या आधी एक वही लागते. तिचं नाव गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ती बनवली आणि तीही मोफत आहे. कोडमध्ये कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, सगळी नोंद त्यात राहते. आपल्या रोजकीर्दीसारखीच, पण मागच्या कोणत्याही तारखेला परत जाता येतं असा तिचा फायदा. तुमचा कोड गिटमध्ये नसेल, तर पुढचं काहीच शक्य नाही. आधी ते करून घ्या.

शंभर रुपयांचा शॅम्पू आणि चार टेस्ट

‘मशीनने तपासायचं’ म्हणजे नक्की काय? आपल्या धंद्यातलंच उदाहरण घेऊ.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने दर बदलायचा निर्णय घेतला आणि बहुतेक वस्तूंचे नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. मध्ये फक्त १९ दिवस. शॅम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. तूप आणि लोणी १२ वरून ५ वर. बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येकाला त्या १९ दिवसांत बदल करून तो हजारो काउंटरवर पोचवायचा होता.

आता समजा, तुमचं स्वतःचं ऑर्डर अ‍ॅप आहे. डेव्हलपरने १८ चा आकडा खोडून ५ केला. काम झालं? नाही. बघा:

पहिली टेस्ट: मूळ किंमत १०० रुपये असलेला शॅम्पू २२ सप्टेंबरला विकला, तर बिल १०५ रुपये आलं पाहिजे.

दुसरी टेस्ट: तोच शॅम्पू २१ सप्टेंबरला विकलेला असेल, तर जुनं बिल पुन्हा उघडल्यावर ११८ च दिसलं पाहिजे.

तिसरी टेस्ट: २० सप्टेंबरला विकलेली बाटली ग्राहकाने २५ ला परत केली, तर क्रेडिट नोट जुन्या १८ टक्क्यांनीच निघाली पाहिजे.

चौथी टेस्ट: कोल्हापूरच्या दुकानातून पुण्याला माल पाठवला तर अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी. तोच माल बेळगावला पाठवला तर राज्य बदललं, म्हणून ५ टक्के आयजीएसटी.

नुसता आकडा बदलणाऱ्याची पहिली टेस्ट पास होईल. दुसरी आणि तिसरी हमखास नापास होईल. आणि ती चूक तुम्हाला कधी कळेल? सीए रिटर्न भरायला बसल्यावर.

या चारही टेस्ट एकदा लिहून ठेवल्या की पुढे कोणीही कोडला हात लावला, अगदी होम पेजवरचा फोटो बदलला तरी, मशीन दर वेळी चारही तपासतं. कंटाळत नाही आणि “एवढंसं तर बदललंय” म्हणून सोडून देत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. टेस्ट कोणत्या हव्यात हे डेव्हलपरला माहीत नसतं, ते तुम्हाला माहीत असतं. परत आलेल्या मालाचं बिल कसं करतात हे काउंटरवर बसणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून टेस्टची यादी मराठीत, साध्या वहीत तुम्ही लिहून द्यायची. तिला कोडमध्ये उतरवणं हे त्याचं काम.

जेन्किन्स आलं कुठून?

सन मायक्रोसिस्टिम्स नावाची अमेरिकन कंपनी होती, जावा भाषा बनवणारी. तिथे कोहसुके कावागुची नावाचे जपानी इंजिनिअर काम करत होते. त्यांच्या बदलामुळे सगळ्यांचा कोड अडायचा आणि सहकारी वैतागायचे, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. म्हणून त्यांनी २००४ मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. कोड बदलला की तो लगेच जोडून तपासायचा आणि काही मोडलं तर सांगायचा. नाव ठेवलं हडसन. श्रीमंतांच्या घरातल्या नोकराचं असावं तसं इंग्रजी नाव. मालकाने सांगायच्या आत काम करून ठेवणारा नोकर, ही कल्पना.

हडसन मोफत होता, कोड सगळ्यांसाठी खुला होता, त्यामुळे तो झपाट्याने पसरला. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली. वर्षअखेरीला वाद सुरू झाला. हडसन या नावावर ओरॅकलने हक्क सांगितला. मग जानेवारी २०११ मध्ये समुदायाने मतदान घेतलं. नाव बदलून वेगळं व्हायचं का? बाजूने २१४ मतं, विरोधात १४. नवीन नाव ठरलं जेन्किन्स. हेही नोकराचंच नाव, चिन्हात गळ्याला बो आणि हातावर टॉवेल घेतलेला माणूस.

पुढे काय झालं? हडसन एक्लिप्स फाउंडेशनकडे गेला आणि त्याची शेवटची आवृत्ती २०१६ मध्ये आली. जेन्किन्स आजही चालू आहे. २०१९ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली कंटिन्युअस डिलिव्हरी फाउंडेशन सुरू झालं, त्यात पहिल्याच फळीत जेन्किन्स होतं.

मित्रांनो, धंदेवाल्यांसाठी या गोष्टीत मोठा धडा आहे. नावावर कंपनीचा हक्क होता, पण कोड खुल्या परवान्याखाली होता. म्हणून लोक कोड घेऊन दुसऱ्या नावाने उभे राहू शकले. ओपन सोर्सचा खरा अर्थ ‘फुकट’ एवढाच नाही. उद्या मालक बदलला, कंपनी बंद पडली किंवा अटी बदलल्या, तरी तुमच्या हातातलं कोणी काढून घेऊ शकत नाही, हा तो अर्थ. जेन्किन्सचा परवाना एमआयटी प्रकारचा आहे. धंद्यासाठी वापरा, बदला, त्यावर सेवा देऊन पैसे कमवा, चालतं.

ते करतं काय, पायरी पायरीने

जेन्किन्स हा सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम आहे. ब्राउझरमध्ये उघडतो. छोट्या टीमसाठी त्यांच्याच मार्गदर्शिकेत ४ जीबी रॅम आणि ५० जीबी डिस्कचं मशीन सुचवलेलं आहे. म्हणजे घरातला बरा कॉम्प्युटरही चालतो. दोन हजारांच्या आसपास प्लगइन आहेत, त्यामुळे जवळपास कोणत्याही टूलला तो जोडता येतो.

काम कसं करायचं हे जेन्किन्सफाइल नावाच्या एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ही फाइल कोडच्या सोबतच गिटमध्ये राहते. साधारण क्रम असा:

१. डेव्हलपरने बदल गिटमध्ये टाकला की जेन्किन्सला खबर लागते.
२. तो कोड घेऊन सगळे भाग जोडतो. जोडताना अडलं तर तिथेच थांबतो.
३. तुमच्या सगळ्या टेस्ट चालवतो. एक जरी नापास झाली तरी लाल खूण, पुढे जाणं बंद, डेव्हलपरला ईमेल.
४. पास झालं तर चाचणीच्या वेबसाइटवर चढवतो. ही खऱ्या साइटची नक्कल, ग्राहकाला न दिसणारी.
५. तिथे तुम्ही मोबाइलवर बघता, एक ऑर्डर टाकून पाहता आणि मंजुरीचं बटण दाबता.
६. मग तोच तपासलेला माल, जसाच्या तसा, खऱ्या साइटवर जातो. कोण, कधी, कोणता बदल, सगळी नोंद राहते.

पाचवी पायरी काढून टाकून सगळं आपोआप लाइव्ह करणाऱ्या कंपन्याही आहेत. आपल्यासारख्यांनी ते बटण हातात ठेवावं. दिवाळीच्या आठवड्यात ते बटण दाबायचंच नाही, असा नियमही करून टाका. धंद्याच्या ऐन दिवसांत नवीन काही नको.

एक सर्व्हर राहून गेला

“आमचा मुलगा हुशार आहे, हाताने टाकतो, आजवर काही झालं नाही,” असं कोणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगा.

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी मोठी कंपनी. जुलै २०१२ च्या शेवटी त्यांनी आठ सर्व्हरवर नवीन कोड हाताने चढवला. सात झाले, आठवा राहिला. त्यावर कित्येक वर्षांपूर्वीचा वापरात नसलेला जुना कोड तसाच पडून होता. दुसऱ्या माणसाने तपासायचं असा लेखी नियम नव्हता.

१ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरने थांबायचं नावच न घेता शेअर्सच्या ऑर्डर सोडायला सुरुवात केली. ग्राहकांच्या फक्त २१२ ऑर्डर होत्या, त्यातून सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले. नुकसान ४६ कोटी डॉलरपेक्षा अधिक. हे आकडे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या आदेशातले आहेत.

त्याच आदेशात आणखी दोन गोष्टी आहेत. बाजार उघडायच्या आधी कंपनीच्या सिस्टिमने या गडबडीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल आपल्याच लोकांना पाठवले होते. कोणी दखल घेतली नाही. आणि गोंधळ सुरू झाल्यावर घाईघाईत त्यांनी काय केलं? ज्या सात सर्व्हरवर नवीन कोड बरोबर बसला होता, तिथूनच तो काढला. त्यामुळे त्या सातांवरही जुना कोड चालू झाला आणि आग आणखी पसरली.

आपली उलाढाल त्यांच्या नखाएवढीही नाही, मान्य. पण चूक कोणत्या जातीची आहे बघा. मशीनने आठही सर्व्हरवर एकाच पद्धतीने चढवलं असतं, तर आठवा राहिला नसता. ईमेल येतो, पण तो बघायचा कोणी हे ठरलेलं नसेल तर त्याचा उपयोग शून्य. आणि मागे कसं फिरायचं याची तालीम शांत दिवशी केलेली नसेल, तर गर्दीच्या दिवशी ते जमत नाही.

फुकट आहे, पण सांभाळावं लागतं

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

३१ जुलै २०२४ ला एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या सिस्टिमचा आपल्याशी असलेला संपर्क तात्पुरता तोडला. कारण रॅन्समवेअर हल्ला. ही कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. बातम्यांनुसार देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि इतर व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी संपर्क पुन्हा जोडला गेला.

याचा जेन्किन्सशी काय संबंध? क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार हल्लेखोर आत शिरले ते साखळीतल्या एका पुरवठादाराच्या नीट न सांभाळलेल्या जेन्किन्स सर्व्हरमधून. जेन्किन्समधली ती त्रुटी २४ जानेवारी २०२४ ला जाहीर झाली होती आणि त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही आली होती. मोफत. म्हणजे औषध बाजारात येऊन सहा महिने झाले होते.

विचार करा, ज्या सर्व्हरकडे तुमचा कोड, तुमच्या खऱ्या साइटचा पासवर्ड आणि पेमेंट गेटवेची चावी असते, तो उघडा राहिला तर दुकानाचं शटर अर्धवट ठेवून घरी गेल्यासारखंच आहे. मोफत सॉफ्टवेअर वापरताना तुम्ही परवान्याचे पैसे वाचवता, पण देखभालीची जबाबदारी घेता. ती टाळता येत नाही.

म्हणून चार नियम. जेन्किन्सचा पत्ता सगळ्या जगाला उघडा ठेवायचा नाही. लाँग टर्म सपोर्ट आवृत्ती वापरायची आणि तिचे अपडेट वेळेवर घ्यायचे; ते कोण घेणार त्याचं नाव लिहून ठेवायचं. लागतील तेवढेच प्लगइन टाकायचे, कारण प्रत्येक प्लगइन म्हणजे आणखी एक दार. आणि पासवर्ड कधीही कोडमध्ये लिहायचे नाहीत, जेन्किन्समध्ये त्यासाठी वेगळी तिजोरी असते.

मग तुम्ही घ्यायचं की नाही?

सगळ्यांनी जेन्किन्स बसवा असं मी अजिबात म्हणत नाही. तुमच्या धंद्याप्रमाणे ठरवा.

तुम्ही तयार ऑनलाइन दुकानाची महिन्याची वर्गणी भरता आणि त्यात फक्त फोटो आणि भाव टाकता? तुम्हाला यातलं काहीच नको. ते काम ती कंपनी करते.

वर्डप्रेसची साइट आहे? रोजचा बॅकअप आणि चाचणीची नक्कल साइट, एवढं होस्टिंगवाल्याकडून मागून घ्या. थीममध्ये बदल केले असतील तर ते गिटमध्ये ठेवा.

स्वतःसाठी खास अ‍ॅप बनवून घेतलंय आणि एक-दोन डेव्हलपर आहेत? मग गिटलॅब किंवा गिटहबसारख्या ठिकाणी कोड ठेवा. दोन्हीकडे टेस्ट चालवायची सोय आतच असते. गिटलॅबची कम्युनिटी आवृत्ती ओपन सोर्स आहे, वाटल्यास स्वतःच्या मशीनवर बसवता येते. वेगळा सर्व्हर सांभाळायचा नसेल तर छोट्यांसाठी हाच सोपा रस्ता.

तुम्ही स्वतःच सॉफ्टवेअरचा धंदा सुरू करताय, चार-सहा ग्राहकांची कामं आहेत, किंवा कोड आपल्याच मशीनवर राहिला पाहिजे अशी अट आहे? तिथे जेन्किन्सचा खरा उपयोग. जुनं, भक्कम, आणि ते येणारी माणसं सहज मिळतात. आणि हो, ही माणसं म्हणजे उद्या तुम्हीही असू शकता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या कंपन्यांना ही व्यवस्था बसवून देणं आणि दरमहा सांभाळणं, हा कमी भांडवलाचा सेवा व्यवसाय आहे.

हिशोब कसा करायचा ते बघू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका. महिन्यात ८ अपडेट, हाताने तपासून चढवायला प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे ६ तास. ऑटोमेशननंतर प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे १ तास २० मिनिटं. वाचले ४ तास ४० मिनिटं. त्यातून देखभालीचा १ तास वजा करा, उरले ३ तास ४० मिनिटं. बसवायला आणि टेस्ट लिहायला २० तास लागले असतील, तर साधारण साडेपाच महिन्यांत वेळ वसूल. महिन्याला एकच अपडेट करत असाल, तर? वाचणारा वेळ ३५ मिनिटं आणि देखभाल १ तास. म्हणजे वेळेच्या हिशोबात तोटाच. मग फक्त गिट, बॅकअप आणि टेस्टची यादी पुरे.

अजून एक इशारा. टेस्टच लिहिल्या नसतील तर जेन्किन्स काय करेल? खराब माल जास्त वेगाने पोचवेल. मशीन घेतलं म्हणजे गुणवत्ता आली असं होत नाही.

डेव्हलपरला विचारायचे सहा प्रश्न

हे प्रश्न भांडायला नाहीत. चहा मागवा, शांतपणे विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

पहिला: “माझा कोड कुठे आहे आणि ते खातं कोणाच्या ईमेलवर आहे?” योग्य उत्तर: गिटमध्ये, आणि खातं तुमच्या धंद्याच्या ईमेलवर, डेव्हलपरला त्यात फक्त प्रवेश दिलेला.

दुसरा: “बदल लाइव्ह करण्याआधी कोणत्या टेस्ट चालतात? मला यादी दाखवशील?” यादी नसेल तर आजपासून बनवायला घ्या. दहा ओळी पुष्कळ झाल्या.

तिसरा: “काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत यायला किती मिनिटं लागतील? एकदा करून दाखव.” ‘करून दाखव’ हे महत्त्वाचं. चाचणीच्या साइटवर तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे.

चौथा: “टेस्ट नापास झाली किंवा साइट बंद पडली तर निरोप कोणाला येतो?” ९७ ईमेल आठवा. निरोप निदान दोन माणसांना गेला पाहिजे आणि त्यातले एक तुम्ही.

पाचवा: “सर्व्हर आणि जेन्किन्सचे अपडेट कोण घेतं, शेवटचे कधी घेतले?” तारीख सांगता आली पाहिजे.

सहावा: “उद्या तुला पुण्यात नोकरी लागली, तर दुसरा माणूस हे काम किती दिवसांत हाती घेऊ शकेल?” चांगला डेव्हलपर या प्रश्नाने रागावत नाही. जेन्किन्सफाइल आणि टेस्ट लिहिलेल्या असतील तर तो म्हणेल, “दादा, सगळं लिहिलेलंच आहे, दोन-तीन दिवसांत समजेल.” आणि सगळं त्याच्या डोक्यातच असेल, तर तुमचा धंदा एका माणसाच्या मोबाइल नंबरवर उभा आहे, हे तुम्हाला आजच कळेल.

त्याच्या बाजूनेही बोलतो. टेस्ट लिहायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे लागतात. “पाच हजारात अ‍ॅप करून दे आणि हे सगळंही बसव” असं म्हणू नका. कोटेशनमध्येच टेस्ट, चाचणीची साइट आणि देखभाल या तीन ओळी वेगळ्या मागा, म्हणजे तुम्ही कशाचे पैसे देताय हे दोघांनाही स्पष्ट राहील.

या आठवड्याचं काम

तीनच गोष्टी करा. एक, तुमच्या डोमेन, होस्टिंग, कोड आणि पेमेंट गेटवेच्या खात्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा की ते कोणाच्या ईमेलवर आहे. दोन, काउंटरवर बसून तुमच्या बिलाच्या दहा टेस्ट मराठीत लिहा, परत आलेला माल आणि परराज्यातली ऑर्डर विसरू नका. तीन, वरचे सहा प्रश्न विचारा.

जेन्किन्स बसवायचं की गिटलॅब, हे त्यानंतर ठरवा. टूल कोणतंही निवडा, पण कोड, नोंदी आणि मागे फिरायचा रस्ता तुमच्या नावावर असला पाहिजे. गल्ल्याची चावी आपण दुसऱ्याला सांभाळायला देतो. पण गल्ला कोणाचा, यावर कधी शंका ठेवत नाही ना? मग अ‍ॅपच्या बाबतीत तरी का ठेवायची?

चला तर मग, वही काढा आणि कामाला लागा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.